अजिंठ्यातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज खिळ्याशिवाय कसं जोडलं असेल?

रंधा_सिल्लोड

राम राम मंडळी. मी सिल्लोडचा, धंद्यानं सुतार. वडलांनी जन्मभर बैलगाड्या केल्या, मी दारं, चौकटी, कपाटं करतो. प्रश्न लाकडाचा आहे, पण आमच्या अख्ख्या तालुक्यात जहाजाचं काम जाणणारं कुणी नाही, म्हणून इथं विचारतो.

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. आत उजेड कमी, डोळे सरावेस्तोवर थांबावं लागतं. मग एकेक दिसायला लागतं. तीन उंच डोलकाठ्या, त्यांच्यावर अरुंद उभट शिडं, पुढं नाळेकडं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडं, आणखी एक शीड, नाळेवर काढलेला डोळा, मागच्या अंगाला सुकाणूची लांब वल्ही आणि ओळीनं मांडलेले माठ. चित्र सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतलं आहे. त्याचा भाऊ इतर व्यापाऱ्यांसंगं चंदन आणायला जातो, यक्ष कोपतो, वादळ उठतं, जहाज बुडायला लागतं आणि पूर्णाचा धावा केल्यावर सगळे वाचतात. काम साधारण पाचव्या शतकातलं.

माझं मत असं, की ज्यानं हे काढलं त्यानं जहाज जवळून बघितलेलं होतं, नाहीतर बघितलेल्या माणसानं त्याला बसून सांगितलेलं होतं. पाण्याचे माठ कुठं ठेवायचे, वल्ही कुठं बांधायची, हे ऐकीव गप्पांवरून असं जागच्या जागी बसत नाही.

दुसरं, संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात सात नंबरचं लेणं आहे. तिथं अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंनी माणसावरची आठ संकटं कोरलेली आहेत. आग, तलवारीचे वार, बेड्या, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, मरण. आणि त्यात एक जहाज फुटण्याचं संकट. समुद्र तिथून अडीच-तीनशे किलोमीटर लांब. तरी इथल्या माणसानं देवापुढं हात जोडताना समुद्रात बुडण्याची भीती सांगितली. म्हणजे इथल्या घरातली माणसं जहाजावर जात होती, किंवा त्यांचा पैसा तरी जहाजावर होता.

आता प्रश्न. त्या काळातली आपल्याकडची जहाजं खिळे न मारता काथ्यानं शिवलेली असायची, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही असं नाही, पण समजत नाही. लाकूड फुगतं, आक्रसतं. चांगला वाळलेला जुना साग घेऊन, कुसू-खाच घट्ट बसवून केलेलं दार श्रावणात अडतं आणि चैत्रात त्यातून उजेड दिसतो. मग दोरीनं बांधलेल्या फळ्यांच्या फटीतून समुद्र आत कसा येत नाही?

आणि दुसरा प्रश्न. अशी बुडालेली जहाजं आपल्या बाजूच्या किनाऱ्याला सापडली आहेत का? सापडली असतील तर त्यात पैठण, तेर या आपल्या जुन्या बाजारपेठांचा माल होता का?

---

खाडीपार_बीडकर

दादा, राम राम. मी पाटोद्याकडचा, मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. मी सुतार नाही, पण हा विषय इथं रस्त्यावर उभा आहे. अल बुस्तानच्या चौकात 'सोहार' नावाचं शिवलेलं जहाज ठेवलंय. १९८० मध्ये ओमानच्या सूर गावात ते बांधलं आणि इथून शिडाच्या जोरावर थेट चीनच्या कँटनला नेलं. बांधणाऱ्यांचे म्होरके होते आपल्या लक्षद्वीपातल्या मिनिकॉयचे अली माणिकफान.

तुमच्या फटीच्या प्रश्नाकडं येतो. दारात तुम्ही आधी चौकट करता, मग फळ्या बसवता. शिवलेल्या जहाजात उलटं आहे. आधी तळाचं लांब लाकूड, मग त्याला पहिली फळी, त्या फळीच्या कडेला दुसरी, अशी फळ्यांचीच भिंत वर चढवत नेतात. आतल्या आडव्या बरगड्या नंतर येतात. त्यामुळं सगळा भार शिवणीवर असतो.

शिवण अशी. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर अशा घासून बसवायच्या की मधून कागद जाऊ नये. हे काम तुमच्यासारख्याचंच, आणि खरी विद्या तिथं आहे. मग दोन्ही फळ्यांना कडेपासून थोडं आत, ठरावीक अंतरावर, समोरासमोर भोकं पाडायची. सांध्यावर आतून काथ्याची जाड वळी ठेवायची आणि भोकांतून दोरी घालून ती वळी सांध्यावर आवळायची. एक माणूस बाहेर, एक आत. दोरी ओढून धरायला दांडा लावतात, टाका ढिला पडू नये म्हणून भोकात तात्पुरती खुंटी ठोकतात आणि मग पुढचा टाका. शेवटी भोकं काथ्यानं गच्च बुजवून त्यावर राळ-तेलाचा लेप. लाकूड पाण्यात गेल्यावर फुगतं, हा तुमच्या दाराचा दोष आहे, पण इथं तोच उपयोगी पडतो. कडेला कड दाबली जाते. शिवलेलं जहाज पाण्यात उतरल्यावर सुरुवातीला गळतंच, मग फुगून बसतं.

खिळा का नाही, याला कारण आहे. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, त्याच्याभोवतीचं लाकूड खराब होतं आणि भोक मोठं होतं. शिवलेली फळी लाटेबरोबर थोडी लवते. धक्का-बंदर नसलेल्या वाळूच्या किनाऱ्यावर जहाज आपटत-घासत लावायचं असतं, तिथं ताठ जोड तडकतो आणि लवणारा टिकतो. फळी कुजली तर टाके कापा, नवी घाला, पुन्हा शिवा.

दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. तेराव्या शतकात मार्को पोलो होर्मुझला आला तेव्हा त्यानं ही जहाजं पाहून लिहिलं, की ही फार वाईट, लोखंड नाही, नारळाच्या दोरीनं शिवलेली, आणि बरीच बुडतात. त्याचं सगळंच चूक नव्हतं. शिवण दर काही वर्षांनी नव्यानं करावी लागते, हयगय केली की समुद्र माफ करत नाही.

आणि तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलेली गोष्ट. तुमच्या त्याच अजिंठ्याच्या चित्रावरून आपल्या नौदलानं जहाज केलंय. नाव 'कौंडिण्य'. २०२३ मध्ये काम सुरू झालं, गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली टाक्यावर टाका शिवलं, मद्रास आयआयटीत त्याचा नमुना पाण्यात तपासला, आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात घेतलं. इंजिन नाही. डिसेंबर २०२५ अखेर पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये आमच्या मस्कतला पोचलं. मराठवाड्यातल्या एका भिंतीवरून उतरलेलं जहाज अरबी समुद्र ओलांडून आलं. इथल्या आपल्या पोरांना मी हे सांगत सुटलोय.

---

तेरणाकाठ

सिल्लोडचे दादा, तुमचा दुसरा प्रश्न माझ्या गावचा आहे. मी तेरजवळची. लोक तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला येतात आणि बरेच जण लामतुरे संग्रहालय न पाहता परत जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस' म्हणून ओळखली जाते. लिहिणाऱ्याचं नाव कुठं नाही, पण माणूस पक्का धंदेवाईक. कुठल्या बंदरात काय विकतं, काय घ्यावं, खडक कुठं आहेत, सगळं आहे. त्यात आपली दोन गावं येतात. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आमचं तेर. पैठणहून अकीक जातीचे दगड भरपूर, आणि तेरहून साधं जाडंभरडं कापड पुष्कळ, शिवाय तलम मलमलीचे प्रकार. हा माल जिथं नीट रस्ते नाहीत अशा मोठ्या मुलखातून गाड्यांनी भडोचला उतरतो, असं तो लिहितो. तुमच्या वडलांच्या धंद्याची दोन हजार वर्षांपूर्वीची नोंद आहे ही.

नकाशा पाहिला तर वाटतं, जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण कितीतरी जवळ. मग भडोच का? त्याचंही उत्तर त्याच माणसानं दिलंय. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होतं, पण पुढं सत्ता बदलल्यावर तिथं ग्रीक जहाज चुकून लागलं तरी पहारा देऊन भडोचला नेत. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात बंदराची नाकेबंदी झाली आणि आपल्या गाड्यांना लांबचा फेरा पडला. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण अजून जागेवर आहे, तो पाहताना मला नेहमी या गाड्या आठवतात.

भडोचला पोचलं म्हणजे सुटलं, असंही नव्हतं. नर्मदेचं मुख फार धोक्याचं. भरती एवढ्या जोरात आणि आवाज करत आत येते की उथळ जागी लागलेली जहाजं आडवी होऊन उलटतात, असं वर्णन आहे. म्हणून राजाच्या नोकरीतले मच्छीमार लांब होड्या घेऊन काठेवाडच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी जहाज दोर लावून ओढत आत आणत आणि भरतीच्या वेळा सांभाळत ठरलेल्या डोहात उभं करत. तेरच्या विणकराचं कापड बुडालंच असेल तर खोल समुद्रापेक्षा या मुखाशी बुडण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता जहाजात आपला माल सापडला का. इथं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपला मोठा माल म्हणजे कापड, आणि कापड पाण्याखाली राहत नाही. ते राहिलं कोरड्या वाळवंटात. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उत्खनन झालं, तिथं भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले. शिडाच्या सुती कापडाचे तुकडेसुद्धा आहेत, आणि सुताचा पीळ भारतातल्यासारखा. म्हणजे इजिप्तच्या बंदरातली जहाजं इकडच्या सुतावर चालत होती. तिथंच भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी सापडली. सागाची लाकडंही आहेत, जुन्या जहाजाच्या फळ्या काढून घरात वापरलेल्या. त्यातला कुठला धागा तेरचा, हे सांगता येणार नाही, पण जाडंभरडं कापड कुठून जायचं हे लिहिलेलं आहे.

समुद्र आमच्या गावात उलटाही आला. संग्रहालयात शंखाच्या वस्तू आहेत, शंख काही तेरणेत होत नाही. हस्तिदंताची एक बाई आहे, तिच्यासारखी भोकरदनला सापडली आणि तशाच घडणीची एक १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधी तिथं पोचलेली होती. एवढीशी मूर्ती, पण किती जहाजं बदलली असतील. तेरला या दादा, मी स्वतः दाखवीन.

---

खोलपाणी

मूळचा परभणीचा, गोव्यात डायव्हिंग शिकवतो. ताईंनी लिहिलंय त्याला पाण्याखालून थोडी जोड देतो.

आपल्या किनाऱ्यावर एवढी जहाजं बुडाली, मग लाकूड का मिळत नाही? मुख्य कारण एक कीड. टेरेडो म्हणतात तिला. दिसते अळीसारखी, पण आहे शिंपल्याच्या जातीची. तोंडाशी दोन छोटे करवतीसारखे शिंपले असतात, त्यांनी लाकूड कोरत आत जाते आणि मागं बोगदा सोडते. बाहेरून फळी धड दिसते, हातात घेतली की चुरा. उबदार खाऱ्या पाण्यात तिचं राज्य आहे. बाल्टिक समुद्रात मीठ फार कमी, तिथं ती जगत नाही, म्हणून १६२८ मध्ये स्टॉकहोमला पहिल्याच फेरीत बुडालेलं 'वासा' १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढता आलं. आपल्याकडं ते भाग्य नाही. शिवाय पावसाळ्यात लाटा तळ ढवळून काढतात. लाकूड टिकायचं तर बुडाल्या बुडाल्या गाळात गाडलं जायला हवं, किंवा वर जड माल पडायला हवा.

म्हणून आपल्याकडं जहाज सापडतं ते मालाच्या रूपात. गोव्याजवळच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. त्यात हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी आहेत. आफ्रिकेचा आणि चीनचा माल एकाच खडकावर. जवळच सेंट जॉर्ज रीफवर दुसरं एक, त्यात बासेल मिशनच्या कारखान्याची, १८६५ साल उठवलेली कौलं. कुणाच्या तरी घरावर चढायची होती ती.

पण तुम्ही विचारताय त्या काळाच्या जवळचं एक जहाज आहे, फक्त ते श्रीलंकेत आहे. दक्षिण किनाऱ्यावर गोडवायाजवळ, तीसेक मीटर पाण्यात, शंख काढणाऱ्या स्थानिक पाणबुड्यांना ते दिसलं. हिंदी महासागरातलं आजवर माहीत असलेलं सगळ्यात जुनं, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. काचेचे गोळे, लोखंड, तांबं, मातीची भांडी, आणि चार पायांचे दगडी पाटे. एका पाट्यावर श्रीवत्स, नंदिपद आणि मासा कोरलेला आहे. ही चिन्हं आपल्या जुन्या नाण्यांवर आणि लेण्यांत दिसतात. काचेचे गोळे म्हणजे कच्चा माल, मणी करणाऱ्यांसाठी. त्या जहाजावर कापड असेलच तर आज त्याचा मागमूस नाही.

शिवलेल्या जहाजाचा सगळ्यात चांगला पुरावा इंडोनेशियात आहे. बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये समुद्रकाकडी गोळा करणाऱ्यांना मातीच्या भांड्यांचा ढीग लागला. खाली नवव्या शतकातलं, अरबी बांधणीचं शिवलेलं जहाज होतं, साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी भरलेलं. वाडगे मोठ्या रांजणात एकात एक रचून, वर्तुळात गुंडाळत बसवलेले. एका वाडग्यावर इसवी सन ८२६ शी जुळणारी तारीख कोरलेली आहे. मालाच्या वजनाखाली आणि गाळात दबलेलं लाकूड आणि टाके राहिले. त्यावरूनच मस्कतला 'ज्वेल ऑफ मस्कत' बांधलं आणि २०१० मध्ये सिंगापूरला नेलं.

यात एक खंत आहे. बेलितुंगचा माल एका खासगी कंपनीनं विक्रीसाठी काढला. अभ्यासक त्यावर नाराज झाले आणि २०११ मध्ये अमेरिकेतलं मोठं प्रदर्शन त्या वादात रद्द झालं. मी त्यांच्या बाजूचा आहे. भांडं बाजारात विकता येतं, पण ते कुठल्या भांड्याखाली, कुठल्या फळीला टेकून होतं, ही माहिती एकदा हलवलं की कायमची जाते. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो, तळावर काही जुनं दिसलं तर हात लावू नका, जागा टिपून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

---

रंधा_सिल्लोड

सगळ्यांचे मनापासून आभार. तेरच्या ताई, दिवाळीनंतर येतो, बायको-पोरीला घेऊन येतो.

बीडच्या भाऊंनी आधी फळ्या आणि मग बरगड्या सांगितलं, तिथं माझं डोकं उघडलं. बैलगाडीच्या चाकाचं असंच आहे. मधे बाभळीचा तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे म्हणजे कडेचे गोलसर लाकडी तुकडे, एवढं जुळवलं तरी चाक हलतं. मग लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची पट्टी, तापवून लाल करायची, चढवायची आणि वरून पाणी मारायचं. धाव आक्रसली की सगळे सांधे कचकन आत दाबले जातात, एक खिळा लागत नाही. जहाजात ते काम टाका करतो आणि उरलेलं पाणी करतं.

गाड्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. वीस दिवस बिनरस्त्याच्या मुलखात बैलगाडी हाकणं सोपं नाही. काळ्या मातीत पाऊस पडला की चाक तुंब्यापर्यंत रुततं, म्हणून या गाड्या दसऱ्याच्या पुढं निघत असणार. वाटेत आख मोडतो, आरा निखळतो, म्हणजे तांड्यासंगं सुतार पाहिजेच. कुणी लिहून ठेवलं नसेल, पण वाकस आणि पटाशी घेतलेला आमच्यातला एक माणूस भडोचच्या धक्क्यापर्यंत गेलेला होता, हे मी नक्की धरून चालतो. आणि तिथं परदेशी जहाज बघून तो तासभर त्याच्या सांध्यांकडंच बघत बसला असणार.

मी आता दोन नंबरच्या लेण्यातल्या जहाजाचा दोन हाताचा नमुना करायला घेतोय, पोरीच्या शाळेसाठी. सागाच्या पातळ पट्ट्या, खिळा नाही, डिंकही नाही. दोन गोष्टी सांगा. पट्टी नाळेकडं वळवायची कशी, तापवून का भिजवून? आणि काथ्याची वळी फक्त आतून ठेवायची का बाहेरूनही?

---

खाडीपार_बीडकर

दादा, वाफेवर. 'कौंडिण्य'च्या फळ्याही वाफ देऊनच वळवल्या. लांब पत्र्याच्या नळीत पट्टी ठेवा, खालून पाण्याची वाफ सोडा, मऊ झाली की लगेच साच्यावर दाबून बांधा आणि थंड होईस्तोवर सोडू नका.

वळी दोन्ही पद्धतींनी ठेवतात. कुठं फक्त आतून, कुठं आतून-बाहेरून. नमुन्याला आतूनच ठेवा, म्हणजे बाहेरची कड साफ दिसेल आणि पोरांना टाका मोजता येईल. भोकं गिरमिटानं पाडू नका, पातळ पट्टी चिरेल, बारीक ड्रिल घ्या. कडेच्या फार जवळही नको. दोरी काथ्याचीच, नायलॉन अजिबात नको, ती ताणते आणि टाका ढिला पडतो.

आणि पाण्यात सोडून दाखवणार असाल तर टबात मूठ-दोन मूठ मीठ टाका. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, गोड्या पाण्यात लवकर कुजतो. झाल्यावर फोटो टाका, सूरच्या जहाजवाल्यांना दाखवतो.